काटोलची विहीर आणि ३२ बिटांचा पत्ता

फोन आला तेव्हा आम्ही सगळे खाली टपरीवर तर्री पोहे खात होतो. काटोलकडचे एक बागायतदार काका, त्यांच्या भागाचा ड्रोन नकाशा आम्ही आदल्याच आठवड्यात दिला होता. काका एवढंच म्हणाले, "साहेब, तुमच्या नकाशात माह्या वावरात विहीर दिसून राहिली. माह्या वावरात विहीर नाही ना जी, बोअर आहे." मी म्हटलं काका सावली असेल कशाची तरी. तर म्हणे, "सावली कायची जी, कठडा दिसते, बाजूचा कडुलिंब बी दिसते. ही तं वरच्या पाटलाची विहीर आहे, लहानपणी तिथंच पोहणं शिकलो मी."

पाटलांची विहीर नकाशाच्या उत्तर टोकाला, काकांचं वावर दक्षिण टोकाला, मधे चांगलं सव्वा किलोमीटर अंतर. आणि ती विहीर तिथे नेऊन ठेवली मीच, एक शब्द टाईप करून. हे प्रकरण पूर्ण लिहून ठेवतोय कारण यात कंपायलर (आपण लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) मेमरीचा पत्ता (रॅममधली नेमकी जागा) कसा काढतो ते एकदम उघडं पडतं, आणि आमच्यापैकी निम्म्या लोकांना (मी धरून) ते नीट माहीत नव्हतं.

आधी काम काय ते सांगतो. नागपुरात आयटी पार्कजवळ छोटंसं ऑफिस आहे, पाच-सहा जण. ड्रोनचे शेकडो फोटो जोडून एक अखंड चित्र बनतं, त्यात एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे २ सेंटीमीटर. एक किलोमीटर बाय एक किलोमीटर उडवलं की ५०००० बाय ५०००० पिक्सेल, म्हणजे २५० कोटी. एका बँडला (चित्राच्या एका रंगाच्या थराला) पिक्सेलमागे एक बाइट, म्हणजे २५० कोटी बाइट रॅममध्ये. संत्र्याची झाडं सहा बाय सहा मीटरवर लावतात, हेक्टरी साधारण २७७, म्हणजे एका झाडाच्या वाट्याला ३०० बाय ३०० पिक्सेलची चौकट येते, त्यात कोळशी आलेली फांदीसुद्धा ओळखू येते. सी प्लस प्लसमधला एक जुना प्रोग्राम हे चित्र ओळीओळीने वाचतो, उजेड थोडा वाढवतो आणि एकेक ओळ फाइलमध्ये लिहितो. त्याचं काळीज म्हणजे ही एक ओळ (नावं इथे मराठीत करतो):

निकाल[रकाना] = उजळ(चित्र[ओळ * रुंदी + रकाना]);

ओळ, रुंदी, रकाना तिन्ही साधे इंट, म्हणजे ३२ बिट, चिन्हासकट. मशीन ६४ बिटांचं. दोन वर्षं हे रिलीज बिल्डमध्ये (रोजच्या वापराची प्रत), ओ-टू लावून (म्हणजे कंपायलरला कोड वेगवान करायला सांगून), बिनबोभाट चाललं.

मग आमच्याकडे इंटर्न आली. तिला फाइल लिहिण्याच्या भागात काहीतरी बदलायचं होतं म्हणून तिने शहाण्यासारखं डीबग बिल्ड (चुका शोधायची प्रत) केलं, ओ-झिरोवर, म्हणजे वेग वाढवणं बंद ठेवून, आणि दहा मिनिटांत माझ्या टेबलाशी हजर. "दादा, हे क्रॅश होऊन राहिलं." मी म्हटलं तू काही बदललं असशील. "नाही ना दादा, काहीच नाही बदललं, अजून फाइल उघडली पण नाही." आमचे सिनियर, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, मान वर न करता म्हणाले, "मग रिलीजवरच चालव ना गं, तिथं चालते न." एका अर्थाने हाच सगळ्यात वाईट सल्ला होता आणि दोन वर्षं आम्ही नकळत तोच पाळत होतो.

डीबगरमध्ये बघितलं तर क्रॅशच्या क्षणी ओळ ४२९४९ आणि रकाना ३३६४८. दर वेळी हेच दोन आकडे, फाइल बदलली तरी हेच. कॅल्क्युलेटर काढा: ४२९४९ गुणिले ५०००० म्हणजे २१४७४५००००, त्यात ३३६४८ मिळवले की २१४७४८३६४८. इंटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा २१४७४८३६४७. एकाने जास्त! रेषेच्या पलीकडे पहिलं पाऊल पडलं आणि तिथेच मेलं.

ओ-झिरोवर कंपायलर आपण लिहिलं तसंच, एकेक पायरी, मशीन कोडमध्ये उतरवतो. ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवायची जागा) गुणाकार, ३२ बिटांतच बेरीज, मग जे उत्तर येईल ते चिन्ह सांभाळून ६४ बिटांना ताणायचं आणि शेवटी चित्राच्या सुरुवातीच्या पत्त्यात मिळवायचं. ताणणं सगळ्यात शेवटी होतं हे लक्षात घ्या. बेरीज ३२ बिटांत मावली नाही, वळसा घेऊन (मीटर शेवटच्या आकड्यानंतर दुसऱ्या टोकापासून सुरू होतो तशी) उणे २१४७४८३६४८ झाली, ताणल्यावरही उणेच राहिली, आणि प्रोग्राम चित्राच्या दोन जीबी आधीचा पत्ता वाचायला गेला, तिथे काहीच नव्हतं. आमचं नशीब चांगलं म्हणून तिथे काही नव्हतं, दुसरं एखादं मोठं चित्र त्या जागी असतं तर क्रॅश न होता कचरा वाचला असता.

आता खरा प्रश्न. ओ-टूवर हाच कोड दोन वर्षं कसा चालला? भाऊ म्हणाले ऑप्टिमायझरने (कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग) बग दुरुस्त केला. मलाही आधी तसंच वाटलं, पण तसं नसतं. ऑप्टिमायझर आपलं भलं करायला बसलेला नाही, त्याने आपल्याकडून एक शब्द घेतलेला असतो आणि त्या शब्दावर तो घर बांधतो.

आम्ही क्लँग हा कंपायलर वापरतो, त्याला मधला कोड (आपली भाषा आणि मशीन कोड यांच्या मधली पायरी) छापून दाखवायला सांगता येतं. त्यात गुणाकाराच्या आणि बेरजेच्या पुढे तीन अक्षरं होती, एन एस डब्ल्यू, नो साइन्ड रॅप. म्हणजे 'हा चिन्हवाला आकडा वळसा घेणार नाही'. हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं, पण भाषेच्या नियमाप्रमाणे इंटचा ओव्हरफ्लो (आकडा न मावणं) अनडिफाइन्ड (काय होईल याची हमी नाही) आहे, सी प्लस प्लस २० मध्येसुद्धा (तिथे उणे आकडे कसे साठवायचे ते ठरवून टाकलं, पण ओव्हरफ्लोला माफी दिली नाही), म्हणून इंट लिहिलं की तो शब्द दिल्यातच जमा. मग कंपायलर म्हणतो, वळसा घेणारच नसेल तर ३२ बिटांत बेरीज करून मग ताणली काय आणि आधी ताणून ६४ बिटांत बेरीज केली काय, उत्तर तेच. आधीच ताणून टाकतो. एकदा ६४ बिटांत गेलं की प्रत्येक पिक्सेलला गुणाकार कशाला, ओळ संपली की सुरुवातीच्या पत्त्यात ५०००० मिळव, झालं. गुणाकाराच्या जागी बेरीज. ही युक्ती आजची नाही, १९५७ साली आयबीएम ७०४ साठी फोरट्रानचा पहिला कंपायलर आला तेव्हाच त्या लोकांनी ॲरेचे पत्ते लूपमध्ये स्वस्तात कसे काढायचे यावर प्रचंड डोकं घातलं होतं, त्या मशीनला इंडेक्स रजिस्टरच जेमतेम तीन.

तर आमच्या रिलीज बिल्डमध्ये तो ३२ बिटांचा गुणाकार उरलाच नव्हता. जो आकडा फुटायचा तो जन्मालाच आला नाही. हे खरं की खोटं ते बघायची सोपी कसोटी आहे: ओ-टू तसंच ठेवून एफ-रॅपव्ही हा फ्लॅग दिला, म्हणजे कंपायलरला सांगितलं की बाबा इंट वळसा घेऊ शकतो, तो शब्द मी परत घेतला. लगेच क्रॅश. इंटर्नने टेबलावर हात आपटला, भाऊंनी पहिल्यांदा मान वर केली.

इथे थोडं थांबून पत्त्याची मशीनकडची बाजू सांगतो कारण असेंब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) वाचताना पोरं इथेच अडकतात. एक्स८६ मध्ये (नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरची जात) एका सूचनेच्या आतच पत्ता काढायची सोय असते: एक पाया, अधिक एक इंडेक्स गुणिले १, २, ४ किंवा ८, अधिक एक ठरलेला आकडा. हे गुणिले प्रकरण ८०३८६ पासून आलं, १९८५, त्याआधीच्या ८०८६ वर ते नव्हतं आणि कोणतं रजिस्टर पाया व्हायचं यावरसुद्धा बंधनं होती. चारच गुणक का, तर हार्डवेअरमध्ये तो गुणाकार नाहीच, बिट डावीकडे सरकवायचे, शून्य ते तीन घरं.

मग गुणक २४ असेल तर? आमच्याकडे झाडांची यादी आहे, एका झाडाची नोंद अशी: एक्स ८ बाइट, वाय ८ बाइट, उंची ४, शेरा ४. एकूण २४. आय क्रमांकाच्या झाडाची उंची कुठे? पाया अधिक आय गुणिले २४ अधिक १६. कंपायलर काय करतो बघा, आधी आय अधिक आय गुणिले २ असं करून तिप्पट करतो, मग वाचतानाच्या सूचनेत गुणक ८ लावतो आणि १६ तिथेच चिकटवतो. तीन अठ्ठे चोवीस. दोन सूचना, गुणाकार एकही नाही. तो १६ म्हणजे आपलं 'डॉट उंची', स्ट्रक्टच्या (अशा नोंदीच्या) फील्डचं नाव मशीन कोडमध्ये फक्त एवढ्या आकड्यापुरतं उरतं.

ती तिप्पट करणारी सूचना म्हणजे लिया. नागपुरात निम्मं बोलणं हिंदीत, त्यामुळे इंटर्नला वाटलं लिया म्हणजे मेमरीतून काहीतरी 'लिया'. उलट आहे. लिया मेमरीला हातही लावत नाही, नुसता पत्ता काढून रजिस्टरमध्ये ठेवते, लोड इफेक्टिव्ह ॲड्रेस. म्हणून कंपायलर तिला साध्या गणितालाही राबवतो, पत्ता-बित्ता काही नसताना. एलएलव्हीएमच्या (क्लँग ज्यावर उभा आहे त्याच्या) मधल्या कोडमध्ये गेट एलिमेंट पॉइंटर नावाची सूचना असते तिचंही तसंच, नावात गेट आहे पण आणत काही नाही.

बाकी सगळ्या प्रोसेसरवर अशी चैन नसते. मूळ रिस्क-फाइव्हवर पाया अधिक १२ बिटांचा आकडा, उणे २०४८ ते २०४७, बस. इंडेक्स मिळवायचा तर वेगळ्या सूचनेने मिळवा. ६४ बिटांच्या आर्मवर मात्र ३२ बिटांचा इंडेक्स ताणायची सोय पत्त्याच्या आतच आहे.

आता माझा पराक्रम. डीबगमध्ये क्रॅश नको, कारण कळलंय, दुरुस्ती करायची. संध्याकाळचे सात, मे महिना, बाहेर अजून भट्टी, एसीचं पाणी टेबलावर गळून राहिलेलं. मी विचार केला २५० कोटी इंटमध्ये मावत नाही पण अनसाइन्डमध्ये (बिनचिन्हाचा, उणे नसलेला आकडा) ४२९४९६७२९५ पर्यंत जागा आहे, तिथे आरामात मावतं. तिन्ही व्हेरिएबलच्या आधी अनसाइन्ड लिहिलं. डीबग चाललं, रिलीज चाललं, यूबीसॅन (अनडिफाइन्ड वागणूक पकडणारा तपासनीस) पण गप्प. घरी गेलो.

यूबीसॅन गप्प बसणारच होता. अनसाइन्डचा वळसा भाषेत चूक मानलाच जात नाही, तो ठरलेला अर्थ आहे, शून्यापासून पुन्हा सुरू. क्लँगला तोही पकडायला सांगता येतं पण वेगळा पर्याय द्यावा लागतो, आपणहून तो बोलत नाही. म्हणजे मी बग काढला नाही, बग ओळखणाऱ्याचं तोंड बांधलं.

मग काटोलचं काम आलं. यावेळी १.४ किलोमीटर बाय १.४, म्हणजे ७०००० बाय ७००००, ४९० कोटी पिक्सेल. आणि ४२९ कोटींची जागा. हिशोब असा: ओळ ६१३५६, रकाना ४७२९६ ला इंडेक्स पुन्हा शून्य. तिथून पुढे प्रोग्राम चित्राचा वरचा डावा कोपराच वाचत बसला. ती ओळ संपायला २२७०४ पिक्सेल बाकी होते आणि त्यानंतर पूर्ण ८६४३ ओळी. दोन सेंटीमीटरने गुणा, दक्षिणेकडचा १७२ मीटर रुंदीचा पट्टा अख्खा खोटा, उत्तरेकडून उचलून आणलेला, आणि तोही २२७०४ पिक्सेल म्हणजे ४५४ मीटर पश्चिमेला सरकलेला. पाटलांची विहीर पश्चिम कडेपासून ९०० मीटरवर, काकांच्या वावरात ती उगवली ४४६ वर. मी नकाशावर पट्टी लावून मोजलं आणि नुसता बसून राहिलो. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये सगळं हिरवं. संत्र्याची बाग वरून एकसारखी दिसते, ओळीत झाडं, ओळीत झाडं, म्हणून ऑफिसात कोणालाही खटकलं नाही. विहीर नसती तर आजपर्यंत कळलं नसतं.

जुना कोड, साधा इंटवाला, ओ-टूवर या चित्रालाही बहुतेक बरोबर चालला असता. चुकीचा कोड बरोबर उत्तर देत होता आणि मी 'दुरुस्त' केलेला चुकीचं. हे पचायला मला दोन दिवस लागले.

आणि यात कंपायलरची काही चूक काढता येत नाही, उलट त्याने किती कष्ट घेतले बघा. अनसाइन्ड केल्यावर मधल्या कोडमधली ती तीन अक्षरं गायब झाली. आता वळसा घेणं हा कायदेशीर अर्थ, तो जपलाच पाहिजे, त्यामुळे आकडा ६४ बिटांत आधीच ताणून ठेवता येत नाही. (ताणण्याचा खर्च हा मुद्दा नाहीये, एक्स८६ च्या ६४ बिटांत रजिस्टरचा ३२ बिटांचा भाग लिहिला की वरचा अर्धा आपोआप शून्य होतो, ते जवळपास फुकट आहे. जातं ते पत्ता नुसता पुढे सरकवत नेण्याचं स्वातंत्र्य.) पण एकदम १६ पिक्सेल उचलायचे असतील तर पत्ते सलग हवेत, आणि ओळीच्या मधेच वळसा आला तर सलग नाहीत. मग त्याने काय केलं, प्रत्येक ओळीच्या आधी एक तपासणी घातली, या ओळीत इंडेक्स वळसा घेतो का? नसेल घेत तर १६-१६ चा भरधाव लूप, घेत असेल तर एकेक पिक्सेलवाला हळू लूप. मधल्या कोडमध्ये त्या तुकड्याचं नाव वेक्टर डॉट एससीईव्ही-चेक. आमच्या चित्रात ७०००० ओळींपैकी हळू लूपमध्ये गेली फक्त एक, ६१३५६ नंबरची. तिथे त्याने सावकाश, एकेक पिक्सेल मोजत, बरोब्बर ४७२९६ ला वळसा घेतला, जसा मी सांगितला होता तसा. माझी चूक त्याने जिवापाड सांभाळली राजे हो.

खरी दुरुस्ती एका कास्टची (आकड्याचा टाईप बदलण्याची) आहे पण कास्ट कुठे बसतो ते महत्त्वाचं. इंटर्नने पहिल्या झटक्यात पूर्ण कंसाच्या बाहेर लावला, म्हणजे आधी ३२ बिटांत गुणाकार-बेरीज, मग ६४ बिटांना ताणा. हे तर ओ-झिरो आधीपासून करतच होता, पाण्याची टाकी भरून सांडल्यावर मोठी टाकी आणण्यातली गत. कास्ट गुणाकाराच्या आधी, एका बाजूला हवा. म्हणजे दुसरी बाजूही आपोआप ताणली जाते. शेवटी आम्ही ओळ दोन भागात तोडली:

ओळीची_सुरुवात = चित्र + (साइझ_टी)ओळ * रुंदी;
निकाल[रकाना] = उजळ(ओळीची_सुरुवात[रकाना]);

साइझ_टी म्हणजे इथे ६४ बिटांचा बिनचिन्हाचा टाईप. आत रकाना साधा इंटच ठेवला, एका ओळीत ७०००० च्या पुढे जात नाही. भाऊंचं म्हणणं होतं कंपायलर हे स्वतः करतोच तर हाताने कशाला लिहायचं. करतो, पण आपण दिलेल्या शब्दाच्या भरवशावर करतो, आणि तो शब्द आमच्याकडून पाळला जात नव्हता. आता ओ-झिरो आणि ओ-टू दोन्हीचं उत्तर बाइट-बाइट जुळतं, आणि आतल्या लूपच्या आधीची ती तपासणीही गेली.

गंमत म्हणजे ज्याने मूळ कोड लिहिला त्याने मेमरी मागताना, मॅलॉकच्या कंसात, साइझ_टी चा कास्ट बरोबर लावला होता. म्हणजे डोक्यात होतं. चित्र किती मोठं हे विचारताना आठवलं, चित्रात कुठे हे विचारताना नाही, कारण चौकटी कंसात आपण आकडा लिहितो आणि तो पत्ता होणार आहे हे विसरतो. क्लँग-टायडीत (कोडमधल्या चुका शोधणारं साधन) एक चेक मिळाला, अरुंद टाईपमध्ये गुणाकार करून उत्तर गुपचूप रुंद केलं की ओरडतो. बाकी कोडवर लावला तर अजून अकरा जागा निघाल्या, त्यातल्या तीन माझ्या. चाचणीसाठी आता एक ७०००० बाय ७०००० चं बनावट चित्र ठेवलंय, प्रत्येक ओळीत वेगळी खूण, रात्री डीबग बिल्डवर चालतं, वेळ लागतो पण रात्री कोण बसलंय.

नकाशा परत काढून काकांना दिला. विहीर गेली. खालच्या १७२ मीटरच्या पट्ट्यात खरं काय होतं तेही दिसलं, काकांची बोअर, पाईपलाइन, आणि धुऱ्यावर एका रांगेत लिंबाची चौदा झाडं. ती आमच्या मोजणीने संत्रं म्हणून मोजली. काकांचा परत फोन आलाय, यावेळी भाऊंनी उचलला.